नई तालीम म्हणजे नुसती सूतकताई?

नई तालीमीत, म्हणजे गांधीजींच्या कामातून शिकवायच्या शिक्षणपद्धतीत, मुलं फक्त चरखा चालवायची, हा समज अजून टिकून आहे. तो चूक आहे. वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीनं केलेल्या आराखड्यात मातृभाषा, गणित, सामान्य विज्ञान, सामाजिक अभ्यास, चित्रकला, संगीत असं सगळं होतं. हस्तोद्योगाला साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटं दिली होती, हे मात्र खरं. गैरसमजाचं मूळ तिथंच असावं. पण विषय शिकायचे ते कामातूनच. गावसफाईसाठी सांडपाणी जिरवणारा शोषखड्डा खणायचा तर घनफळ काढावं लागतं, डास कुठं वाढतात ते समजून घ्यावं लागतं. नुसता झाडू हातात देऊन फोटो काढणं (हल्ली तेच जास्त!) त्यात बसत नाही.