खुलासा: खाजगी गुप्तहेराचा अहवाल आणि आरोपीचा बचाव

‘फौजदारी गुन्ह्यात नाव आले तर सरकारमान्य खाजगी गुप्तहेर लावा, तो कॉल रेकॉर्ड काढून देतो आणि त्याच्या अहवालावर आरोपी सुटतो,’ असा मजकूर विदर्भातल्या गावागावांत फिरत असतो. घरचा माणूस कोठडीत असताना त्यावर विश्वास बसणे स्वाभाविक आहे. पण त्यापायी कोणाचे वावर गहाण पडू नये, म्हणून हा खुलासा.

खाजगी गुप्तहेर नेमणे बेकायदेशीर नाही, मात्र या व्यवसायाला परवाना देणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. कोणी परवाना दाखवल्यास त्यावरील कायद्याचे नाव वाचावे. ती दुकाने व आस्थापनांची साधी नोंदणी असू शकते. गुप्तहेराला पोलिसांचे अधिकार नसतात, आणि चोरून मिळवलेले कॉल रेकॉर्ड हा नवाच गुन्हा ठरू शकतो. कोणी कोणाला कधी फोन केला याच्या या नोंदी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ९४ खाली न्यायालयामार्फत मागवता येतात. त्यासाठीचा अर्ज वकिलामार्फत करता येतो. नुसता अहवाल दाखल करून काही सिद्ध होत नाही, कारण तो लिहिणाऱ्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून उलटतपासणीला सामोरे जावे लागते.

पुरावा पुष्कळदा जवळच असतो. घटनेच्या वेळी आरोपी कापूस घेऊन जिनिंगवर असेल, तर वेळ आणि गाडी नंबर छापलेली काटापावती व तिथला कॅमेरा फार मोलाचा. परंतु जुने चित्रीकरण आपोआप पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याचा लेखी अर्ज लगेच देऊन पोच घ्यावी. कोठडीतील व्यक्तीला, उत्पन्न कितीही असले तरी, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार मोफत वकील मागता येतो. त्याची चौकशी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे करावी.