शिसं, तार आणि पाण्याचा रेटा

मासेमारीत कांडी-रीळवाला तेवढा जाणकार आणि नुसती दोरी हातात धरून मासे गरवणारा अडाणी, अशी आपली उगीचच समजूत असते. डेट्रॉइट नदीवर एप्रिलमध्ये ती टिकत नाही. एका काठाला अमेरिकेचं मिशिगन, दुसऱ्या काठाला कॅनडाचं ऑंटारिओ. ईरी सरोवरातले वॉलआय मासे वसंतात अंडी घालायला या नदीत शिरतात. पाणी ५ ते १० अंश सेल्सिअस, अनेकदा गढूळ.

मासे तळाशी असतात. तळाच्या दगडगोट्यांशी घासून पाण्याचा वेग तिथे कमी झालेला असतो, त्यामुळे प्रवाहाकडे तोंड करून थांबायला कमी शक्ती लागते. म्हणजे आमिषही तिथेच पोचायला हवं, आणि वरून वाहणारं पाणी नेमकं तेच होऊ देत नाही.

इथे गंमत सुरू होते. हातदोरीवाले दोरीऐवजी बारीक पोलादी तार वापरतात. टोकाला अर्ध्या-पाऊण किलोचं शिसं, त्याच्या वर एक आखूड आणि एक लांब दोर, त्यांना बनावट मासे. होडी प्रवाहाविरुद्ध हळूहळू चढवायची.

१० मीटर तार पाण्यात आहे, जाडी ०.६ मिलिमीटर आणि पाण्याच्या तुलनेत वेग सेकंदाला १ मीटर धरू. तारेवर बसणारा पाण्याचा रेटा म्हणजे पाण्याच्या घनतेचा निम्मा, गुणिले तारेची लांबी, गुणिले जाडी, गुणिले वेगाचा वर्ग, आणि आकाराचा गुणांक ढोबळमानाने १. उत्तर ३ न्यूटन, म्हणजे साधारण ३०० ग्रॅमचा भार. ७०० ग्रॅम शिसं पाण्यात सुमारे ६४० ग्रॅम भरतं (शिसं पाण्याच्या ११ पट जड, म्हणून घट थोडी). हाताशी तार उभ्या रेषेपासून २५ अंश कलते. छान. आता वेग दुप्पट करा: रेटा चौपट, १२०० ग्रॅम, आणि तार ६० अंशांच्या आसपास आडवी. (कललेल्या तारेवर रेटा थोडा कमी बसतो, बनावट माशांचा रेटाही यात धरलेला नाही, ते बारकावे सोडून देऊ.) शिसं तळावरून उचललं जातं आणि मासा खालीच राहतो.

तेवढाच भार पेलणारा नायलॉनचा तंगूस तारेपेक्षा जाड लागतो, म्हणजे रेटा आणखी वाढला. शिवाय तंगूस ताणला जातो. तार जवळपास ताणली जात नाही, म्हणून शिसं गोट्यावर आपटल्याची टकटक थेट बोटांत येते. हात पुढे-मागे करत ती टकटक चालू ठेवायची, हेच खरं कसब. मध्येच वेगळा झटका आला की मासा.

वॉलआयचे डोळे उजेड पडला की चमकतात. दृष्टिपटलाच्या मागच्या बाजूला परावर्तक थर असतो. निसटलेला प्रकाश त्यावरून परत फिरतो आणि डोळ्याला तो टिपायची दुसरी संधी मिळते. अंधुक पाण्यात याचा मोठाच उपयोग. बॅटरीच्या झोतात मांजराचे डोळे लकाकतात तेही असंच. त्यात भूत नाही आणि डोळ्याचा स्वतःचा उजेडही नाही. बॅटरी विझवली की चमक जाते.

झटका बसला की तार हातानेच ओढून घेतात. होडीच्या कडेला बसवलेली स्प्रिंगची फिरकी वर आलेली तार आपोआप गुंडाळत जाते, त्यामुळे पायात गुंता होत नाही. शेवटचा दोर मात्र हातानेच, वीत-वीत.