चिकट मलमाचं विज्ञान

बाहेरचं बाहेरच ठेवणं हे त्वचेचं काम, आणि ते ती इतकं चोख करते की नवं मलम तयार करणाऱ्यांची पहिली झुंज तिच्याशीच असते. सगळ्यात वरचा मृत पेशींचा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा, पण पेशींमधल्या फटी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांनी लिंपलेल्या. साधारण ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) जड रेणू त्यातून सहसा आत शिरत नाही, असा ठोकताळा २००० साली मांडला गेला. कोलॅजेनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा! तेव्हा कोलॅजेनचं क्रीम वरून चोपडून सुरकुत्या भरतील, ही आशा सोडलेली बरी.

औषध आत किती झिरपतं हे पाहायला ‘फ्रान्झ सेल’ नावाचं काचेचं उपकरण असतं. मधोमध त्वचेचा तुकडा, वर क्रीम, खाली द्रव. ठरावीक वेळाने खालचा द्रव काढून तपासायचा. इथे उत्तम गुण मिळवलेलं मलम घरी मात्र सपशेल नापास होऊ शकतं. चिकटतं, वास येतो, उशीला डाग पडतात. डोक्यातल्या सोरायसिसवर तुपकट मलम कितीही गुणकारी असलं, तरी केसांत ते रोज कोण थापणार? म्हणून तिथे फेस किंवा पातळ द्रावण बनवलं जातं.

रुग्णाला नुसतं विचारून भागत नाही. “रोज लावतो” असंच उत्तर येतं. म्हणून संशोधक परत आलेल्या ट्यूबचं वजन करतात, झाकणात चिप बसवून ते कधी उघडलं याची नोंद ठेवतात. डॉक्टरांकडे जायची तारीख जवळ आली की वापर वाढतो, हेही अशाच नोंदींतून कळलं.

मुरुमांच्या औषधांचं उदाहरण मला फार आवडतं. ट्रेटिनॉइन हे जुनं औषध बेंझॉइल पेरॉक्साइड या दुसऱ्या औषधाच्या सहवासात, विशेषतः उजेडात, विघटित होतं. म्हणून एक सकाळी, दुसरं रात्री. आणि त्यातलं एक हमखास राहून जायचं. ट्रेटिनॉइनच्याच जातीचं नवं औषध अ‍ॅडापॅलिन मात्र पेरॉक्साइडसोबत टिकतं. त्यामुळे दोन्ही एकाच ट्यूबमध्ये आली आणि २००८ साली अमेरिकेत या जोडीला मंजुरी मिळाली. रुग्णाची सोय झाली, ती रेणूच्या टिकाऊपणामुळे.

“थोडंसं लावा” म्हणजे नेमकं किती, हा घोळ १९९१ मध्ये लाँग आणि फिनले या संशोधकांनी सोडवला. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी मलमाची रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला ती पुरते.

चाचणीत तुलना होते ती औषध नसलेल्या त्याच क्रीमशी. नुसत्या क्रीमनेही त्वचा सुधारते, त्यामुळे औषधाचा वाटा वेगळा काढावा लागतो. शिवाय रुग्णाच्या रोजच्या जगण्यात काय फरक पडला, हेही मोजतात. त्यासाठी याच फिनले यांनी १९९४ मध्ये खान यांच्यासोबत दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. खाज, संकोच, कपडे, खेळ असं विचारत ती दहाव्या प्रश्नाला उपचारावरच येते: गेल्या आठवड्यात त्वचेच्या उपचाराचाच किती त्रास झाला, म्हणजे घरात पसारा झाला किंवा वेळ गेला?