केकवरची अक्षरं आणि काउंटरपलीकडचा माणूस

‘केकवर काय लिहायचं?’ हा बेकरीतला रोजचा प्रश्न. गेल्या दहा-बारा वर्षांत त्याला जोडून आलेला दुसरा प्रश्न, म्हणजे हा केक कोणाला नाकारता येतो, अमेरिका आणि ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयांपर्यंत गेला.

जुलै 2012. कोलोरॅडोतल्या लेकवूड गावात ‘मास्टरपीस केकशॉप’मध्ये दोन तरुण आले, सोबत एकाची आई. दोघं एकमेकांशी लग्न करणार होते. कोलोरॅडोत तेव्हा अशा लग्नाला मान्यता नव्हती, म्हणून लग्न मॅसॅच्युसेट्सला आणि समारंभ घरी, असा बेत होता. केकच्या कल्पनांची फाइलही त्यांनी आणली होती. मालक जॅक फिलिप्स म्हणाले, वाढदिवसाचा केक देतो, कुकीज देतो, ब्राउनी देतो; पण समलिंगी लग्नासाठी केक करत नाही. कारण त्यांची ख्रिस्ती श्रद्धा. तिघं उठून गेले. फाइल उघडलीच गेली नाही, आणि मला हीच गोष्ट या प्रकरणात सर्वांत मोठी वाटते. केक कसा हवा, त्यावर काय लिहायचं, हे कळायच्या आधीच नकार आला होता.

धर्माचं कारण सांगून गिऱ्हाईक परत पाठवणं तिथे जुनंच. 1964 च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलं कृष्णवर्णीयांना खुली केली, तेव्हा साउथ कॅरोलायनातल्या ‘पिगी पार्क’ या बार्बेक्यू हॉटेलांच्या मालकाने हा कायदा आपल्या धर्माविरुद्ध असल्याचं म्हटलं. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बचाव विचारातही घेण्याजोगा मानला नाही.

फिलिप्स यांच्याविरुद्ध त्या जोडप्याने तक्रार केली आणि राज्याच्या नागरी हक्क आयोगाने त्यांना दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयात मात्र 4 जून 2018 रोजी ते 7 विरुद्ध 2 मतांनी जिंकले. पण निकाल बेताचाच होता. आयोगातल्या सदस्यांनी त्यांच्या श्रद्धेबद्दल तुच्छतेने बोलावं, आणि त्याच आयोगाने समलिंगी लग्नाविरोधी मजकुराचे केक नाकारणाऱ्या दुसऱ्या बेकऱ्यांना मोकळं सोडावं, यावर न्यायालयाने बोट ठेवलं. मूळ प्रश्न तसाच राहिला.

बेलफास्टची गोष्ट वेगळी. 2014 मध्ये ‘ॲशर्स’ बेकरीत एकाने 36.50 पौंड भरून केक सांगितला, त्यावर ‘समलिंगी विवाहाला पाठिंबा द्या’ ही ओळ हवी होती. काही दिवसांनी बेकरीचा नकाराचा फोन आला. खालच्या दोन्ही न्यायालयांत बेकरी हरली. 10 ऑक्टोबर 2018 रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिच्या बाजूने निकाल दिला: ही ओळ कोणी मागितली असती तरी नकारच मिळाला असता, आक्षेप मजकुराला होता, माणसाला नाही. मला हा भेद पटतो. न पटणारं वाक्य स्वतःच्या हाताने लिहायची सक्ती कोणावरच नसावी. समोरच्या माणसाला परत पाठवणं ही निराळी गोष्ट आहे.

त्या माणसाच्या बाजूने आपल्या राज्यघटनेत अनुच्छेद 15(2) आहे: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणालाही दुकानात मज्जाव करता येत नाही. संविधान सभेत ‘दुकान’ म्हणजे नेमकं काय, असं विचारलं गेलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तो शब्द व्यापक अर्थाने घ्यायला सांगितलं. पैसे घेऊन सेवा देणारा प्रत्येक जण त्यात आला.

फिलिप्स यांच्याकडे 2017 मध्ये आणखी एक ऑर्डर आली: आतून गुलाबी, बाहेरून निळा केक, वर एक अक्षर नाही. बेकरी तयार झाली. हा केक लिंगबदल साजरा करण्यासाठी आहे, असं गिऱ्हाइकाने सांगताच नकार दिला. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये हा खटला प्रक्रियेच्या मुद्द्यावर निकालात काढला. त्या दोन रंगांना मजकूर म्हणायचं की नुसता केक, हे ठरायचं राहिलं.