हाताने विणलेली भेट वेळेवर पोहोचावी म्हणून

अनंत चतुर्दशी झाली की आमच्या लोकरीच्या दुकानात काउंटरवर एकच प्रश्न सारखा येतो, "दिवाळीपर्यंत होईल ना हो?" संध्याकाळी सहा ते आठ दादरला जी गर्दी असते, त्या गर्दीत आम्ही "होईल, होईल" म्हणून लोकरीचे गुंडे मोजून देतो. हे उत्तर बरोबर नाही, याची आम्हाला जाणीव आहे. भाऊबीजेला अर्धा मफलर पिशवीत घालून, सुयांसकट भावाकडे निघालेली ताई आम्ही पाहिली आहे. तिचा चेहरा आठवतो, म्हणून हे पत्रक. दुकानात उभ्या उभ्या सांगता येत नाही ते इथे सविस्तर लिहिलं आहे. घरी नेऊन चहा घेताना वाचा.

आधी टाके मोजा, मग शब्द द्या

मफलरचंच उदाहरण घेऊ. मध्यम जाडीची लोकर, 8 नंबरच्या सुया, रुंदी 20 सेंटिमीटर, लांबी 150 सेंटिमीटर. सुईवर साधारण 44 टाके येतात आणि ओळी होतात सुमारे 450. म्हणजे एका मफलरमध्ये जवळजवळ वीस हजार टाके. ज्यांचा हात बसलेला आहे त्यांचे मिनिटाला वीसेक टाके होतात. हिशेब केला तर साडेसोळा तास. रोज अर्धा तास बसलात तर तेहतीस दिवस.

आता पंचांग बघा. घटस्थापनेपासून भाऊबीज साधारण महिन्यावर असते, दसऱ्यापासून फक्त बावीस दिवसांवर. म्हणून आम्ही सांगतो, ज्या दिवशी घटात धान्य पेराल त्याच दिवशी मफलरचे टाके घाला. रोज अर्ध्या तासाहून पाच मिनिटं जास्त बसलात, तर भाऊबीजेच्या आदल्या रात्री टाके बंद होतात. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर सुरुवात केलीत तर रोज पाऊण तास बसावं लागेल, आणि मधल्या दिवसांत फराळ, साफसफाई, मुलांची सहामाही परीक्षा असं सगळंच आहे. ज्यांच्याकडे पितृपक्षात नवी खरेदी करत नाहीत त्यांनी गणपतीतच लोकर नेऊन ठेवावी.

मिनिटाला वीस हा आमचा अंदाज. तुमचा वेग तुम्हीच काढा. मोबाइलवर दहा मिनिटं लावा, नेहमीसारखं विणा, टाके मोजा. नवशिक्या हाताचे मिनिटाला आठ-दहा होतात आणि त्यात काही वाईट नाही. फक्त मग मफलरऐवजी टोपी धरा. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला 4 प्लाय म्हणजे बारीक लोकरीत ऐंशी-नव्वद हजार टाके सहज जातात. दसऱ्यानंतर कोणी दिवाळीसाठी स्वेटरची लोकर मागितली, तर आम्ही आधी हा हिशेब सांगतो आणि मगच गुंडे काढतो.

लोकलमधला अर्धा तास

मुंबईत विणकामाला वेळ कुठे मिळतो? आमच्या निम्म्या ग्राहक सांगतात, गाडीत. बोरिवलीहून चर्चगेटला स्लो लोकलने तासाच्या वर लागतो. बसायला मिळालं तर एका फेरीत हजार टाके होतात. पण तिघींच्या बाकावर चौथ्या सीटवर बसून लांब सरळ सुया चालवल्या की शेजारणीच्या बरगडीत टोक लागतं. गाडीसाठी केबलच्या सुया घ्या. दोन आखूड टोकं, मध्ये वायर. सगळं काम मांडीत राहतं, वजन मनगटावर येत नाही, आणि स्टेशन आल्यावर टाके वायरवर सरकवून पिशवीत टाकता येतात, सुटत नाहीत.

गाडीत फक्त सरळ जाणारं काम न्यावं. मफलर, दुपट्याचा चौकोन, मोज्याची नळी. टाके कमी करायची टोपीची टाळू, गळ्याचा आकार, दोन रंगांची नक्षी हे घरी, उजेडात. पर्समध्ये एक क्रोशाची सुई मात्र ठेवा. टाका गळून चार ओळी खाली गेला तरी क्रोशाच्या सुईने मागे राहिलेल्या धाग्यांच्या शिडीच्या एकेका दांडीतून तो वर आणता येतो, उसवावं लागत नाही.

ऑक्टोबरच्या उकाड्यात हाताला घाम येतो, लोकर बोटाला चिकटते आणि टाके नकळत घट्ट पडतात. सकाळी विणलेला भाग सैल आणि दुपारचा आवळलेला, असं एकाच तुकड्यात दिसतं. जमेल तितकं सकाळी विणा, हात धुऊन कोरडे करून बसा.

सुईचा नंबर, जिथे पुष्कळजणी फसतात

आपल्याकडे दुकानात मिळणाऱ्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे 3.25 मिलिमीटर. अमेरिकन पद्धतीत नेमकं उलट असतं, आणि तिथली 8 नंबरची सुई 5 मिलिमीटरची. व्हिडिओ बघून "8 नंबर द्या" म्हणून सुया नेल्या आणि स्वेटर दोन मापं लहान झाला, अशी तक्रार दर वर्षी येते. व्हिडिओतला नंबर विसरा, मिलिमीटर विचारा. आणि दहा सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विणून पट्टीने मोजल्याशिवाय अंगावरच्या कपड्याचे टाके घालू नका.

बाळासाठी

आमच्याकडे सगळ्यात जास्त प्रेमाने विकत घेतली जाते ती बाळाची लोकर, आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथेच होतात. मुंबईत जानेवारीतही दुपारी तीसच्या आसपास पारा असतो. इथल्या बाळाला जाड लोकरीचं झबलं घातलं तर ते घामाने भिजतं आणि रडतं. मुंबईच्या बाळाला सुती धागा द्या. बाळ नाशिकला किंवा निफाडकडे असेल, जिथे थंडीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तर मऊ लोकर जरूर द्या. म्हणून आम्ही आधी विचारतो, "बाळ राहतं कुठे?" ही चौकशी नसते. यावर धागा ठरतो.

माप नेहमी पुढचं धरा. जन्मतः डोक्याचा घेर साधारण 34-35 सेंटिमीटर असतो, सहा महिन्यांत तो 42-43 होतो. बारशाला दिलेली नेमक्या मापाची टोपी महिनाभरात कपाटात जाते. सहा महिन्यांच्या बाळासाठी 10 नंबरच्या सुयांवर, 4 प्लाय धाग्यात 112 टाके घाला. टोपी 40 सेंटिमीटरची होते आणि ताणून डोक्यावर बसते.

माप विचारायची सोयच नसेल तर कुंची करा. आमच्या आईचा हा आवडता सल्ला होता. कुंची डोक्यावरून पाठीवर सैल उतरते, दोन-चार सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही, आणि आजी-पणजीला ती पाहून जे वाटतं ते टोपी पाहून वाटत नाही. बंद मात्र आखूड ठेवा, वीतभराहून कमी, आणि पक्के शिवा. गळ्याभोवती लांब नाडी, बाळाच्या हाताला लागणारे गोंडे, सैल मणी किंवा बटण अजिबात नको. घरात झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपी किंवा कुंची ठेवू नये, अंगातली उष्णता कोंडते. भेटीबरोबर आईला हेही सांगा.

आणि एक गोष्ट आम्ही कळकळीने सांगतो. बाळाचे कपडे डांबरगोळ्यांसोबत ठेवू नका. त्यातलं नॅफ्थलीन काही बाळांना घातक ठरतं. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची कमतरता असते त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि कावीळ वाढते. अशी कमतरता आहे हे बहुतेक घरांत माहीतही नसतं. कडुलिंबाचा वाळवलेला पाला सुती पुरचुंडीत बांधून ठेवा. विणून झालेला कपडा आधी धुऊन, मगच द्या.

तुळशीच्या लग्नानंतर

दिवाळी हुकली तरी हंगाम संपत नाही. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, आणि रुखवतात अजूनही क्रोशाचं तोरण, रुमाल, ताटावरचं झाकण मांडलेलं दिसतं. नाताळसाठी वांद्रे आणि वसईच्या ग्राहक नोव्हेंबरमध्येच लाल-हिरवा धागा नेतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून क्रोशाची छोटी बटवी फार शोभते. वीस बटव्या करायच्या असतील तर रोज एक. पंचविसाव्या डिसेंबरला सुरुवात केली तर संक्रांतीला बरोबर वीसच दिवस उरतात, तेव्हा आणखी उशीर नको.

बोरनहाणाचं काळं झबलं विणणाऱ्यांनी एवढं करावं. काळा धागा रात्री ट्यूबलाइटखाली डोळ्यांना दिसत नाही. दिवसाउजेडी बसा आणि मांडीवर पांढरा पंचा पसरा. पांढऱ्यावर काळे टाके वेगवेगळे उठून दिसतात. धागा सुतीच घ्या, आणि ओल्या पांढऱ्या कापडावर घासून रंग जातो का ते आधी पाहा.

लॉट नंबर

गुंड्याच्या कागदी पट्टीवर दोन आकडे असतात, शेडचा आणि लॉटचा. शेड म्हणजे रंग. लॉट म्हणजे तो रंग कोणत्या खेपेला शिजवला ते. लुधियानाच्या गिरण्यांतून येणाऱ्या मालात शेड तोच असला तरी लॉट बदलला की छटेत किंचित फरक पडतो.

मी कॉलेजात असताना बाबांसाठी राखी रंगाचा स्वेटर विणला. शेवटच्या बाहीला दोन गुंडे कमी पडले, ते दिवाळीनंतर मिळवले. दुकानात दिव्याखाली अगदी तोच रंग. चाळीच्या गॅलरीत उन्हात धरला तेव्हा कोपराखाली स्पष्ट रेघ दिसली, जणू बाही तिथपर्यंत पाण्यात बुडवली होती. बाबांनी तो बरीच वर्षं वापरला, पण माझी नजर आजही आधी त्या कोपराकडे जाते. तेव्हापासून मी ग्राहकांना सांगते, एक गुंडा जास्त घ्या. न उघडलेला, कागदी पट्टी शाबूत असलेला गुंडा आम्ही पावती दाखवल्यावर संक्रांतीपर्यंत पूर्ण किमतीला परत घेतो. दोन लॉट वापरावेच लागले, तर बदलाच्या जागी आठ-दहा ओळी दोन्ही गुंड्यांनी आलटून पालटून विणा, दोन ओळी याच्या, दोन ओळी त्याच्या. रेघ विरून जाते.

पणती आणि इस्त्री

बाजारातली बरीचशी "लोकर" अ‍ॅक्रिलिक असते. ती स्वस्त असते, धुवायला सोपी आणि तिला कसर लागत नाही, म्हणून रोजच्या वापराला आम्हीही तीच सुचवतो. पण ती पेट घेते आणि वितळून चिकटते. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख चुरगळते, अ‍ॅक्रिलिकची कडक गोळी होते. दाराच्या तोरणाच्या लोंबत्या लड्या उंबरठ्यावरच्या पणतीपर्यंत उतरणार नाहीत इतक्या आखूड ठेवा. देवघरातलं आसन, समईखालचा रुमाल हे सुतीच करा.

अ‍ॅक्रिलिकवर गरम इस्त्री कधीही फिरवू नका. टाक्यांचा उठाव जातो, कापड चकचकीत आणि लुळं पडतं, ते परत येत नाही. गार पाण्यातून काढा, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, दुसऱ्या कोरड्या टॉवेलवर आकारात पसरून पंख्याखाली वाळवा. दोरीवर टांगलंत तर पाण्याच्या वजनाने स्वेटर गुडघ्यापर्यंत येईल.

भेट बांधताना आत गुंड्याची कागदी पट्टी आणि दोन हात लांब उरलेला धागा ठेवा. कसं धुवायचं ते पट्टीवर असतं, आणि पुढे कधी उसवलं तर दुरुस्तीला तोच रंग हाताशी राहतो.

अडलं तर

सोमवार सोडून रोज दुपारी दोन ते पाच दुकानात गर्दी कमी असते. तेव्हा काम घेऊन या. गळलेला टाका, न जुळणारी बाही, समजत नसलेली नक्षी, आम्ही शेजारी बसून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही, लोकर आमच्याकडची नसली तरी. येताना टाके सुईवरच असू द्या, सुईच्या टोकांना रबर गुंडाळा, आणि चूक झाली त्या ओळीत रंगीत दोरा बांधून आणा. स्वतःहून उसवून आणू नका. चूक कुठे झाली ते आम्हाला टाक्यातच वाचता येतं.