विंडो मॅनेजर आणि डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट

लिनक्स, बीएसडी यांसारख्या प्रणालींत पडद्यावर विंडो कुठे उघडेल, केवढी असेल, तिला चौकट असेल की नाही आणि कीबोर्डवर टाइप केलेले कोणत्या विंडोत जाईल, हे ठरवणारा प्रोग्राम म्हणजे विंडो मॅनेजर. डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणजे विंडो मॅनेजरसकट पॅनेल, फाइल मॅनेजर, सेटिंग्ज, सूचना, स्क्रीन लॉक असा एकमेकांशी जुळवलेला सगळा संसार. ग्नोम आणि केडीई प्लाझ्मा ही अशी दोन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट; ग्नोमच्या पोटात मटर, प्लाझ्माच्या पोटात केविन हा विंडो मॅनेजर असतोच. त्यामुळे नुसता विंडो मॅनेजर की पूर्ण डेस्कटॉप ही निवड खरे तर एवढीच असते: बाकीची कामे तयार घ्यायची की स्वतः जमवायची.

ही फारकत एक्स विंडो सिस्टिमच्या रचनेतून आली. १९८४ मध्ये एमआयटीत सुरू झालेल्या एक्सने विंडो दाखवण्याची यंत्रणा तेवढी दिली. विंडोंनी कसे वागावे हे वेगळ्या प्रोग्रामवर सोपवले. नवी विंडो उघडण्याची विनंती आधी त्या प्रोग्रामकडे वळते, आणि हा हक्क एका वेळी एकालाच मिळतो. म्हणूनच एक विंडो मॅनेजर चालू असताना दुसरा सुरू करायला गेले की तो सहसा एरर देऊन बंद पडतो. या मोकळिकीमुळे विंडो मॅनेजर भरपूर झाले, पण प्रत्येक अॅप्लिकेशनचे रूप आणि वागणे निराळे राहिले. त्याच तक्रारीतून माथियास एट्रिख यांनी १९९६ मध्ये केडीईची घोषणा केली. केडीई ज्या क्यूट लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) उभे होते तिचा परवाना तेव्हा मुक्त नव्हता, म्हणून १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केले.

डेस्कटॉपची मांडणी बहुधा माउसनेच बदलतात. ग्नोममध्ये पर्याय मोजके असून ते डीकॉन्फ या डेटाबेसमध्ये साठतात. प्लाझ्मात पर्यायांची रेलचेल आहे आणि ते साध्या मजकूर फाइलींत राहतात. नुसत्या विंडो मॅनेजरमध्ये मात्र बहुधा फाइल उघडून लिहावे लागते. ओपनबॉक्सची फाइल एक्सएमएलमध्ये असते, ऑसमची लुआ भाषेत. डीडब्ल्यूएममध्ये तर सी भाषेतली हेडर फाइल बदलून प्रोग्राम पुन्हा कंपाइल करतात, म्हणजे मूळ कोडपासून नव्याने तयार करतात.

आयथ्री हा विंडो मॅनेजर २००९ पासूनचा. त्यात पहिल्यांदा लॉगिन केले की काळा पडदा, खाली बारीक पट्टी आणि एक प्रश्न दिसतो: मुख्य की म्हणून विंडोज की हवी की ऑल्ट? ती की आणि एंटर दाबले की टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करण्याची विंडो, उघडून पडदाभर पसरते. दुसरे उघडले की दोघे अर्धा अर्धा पडदा वाटून घेतात. माउसला हात न लावता दिवसभर काम होते, आणि ज्याचे काम टर्मिनलमध्येच चालते त्याला याहून सोयीचे काही नाही, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. पण वॉलपेपर, सूचना, पासवर्ड विचारणारी चौकट यांची सोय आपणच करायची. सूचनांसाठी डन्स्ट, वॉलपेपरसाठी फेह असे सुटे प्रोग्राम कॉन्फिग (सेटिंग्जच्या) फाइलीत एकेका ओळीने सुरू करतात. पासवर्डची चौकट दाखवणारा पोलकिट एजंट हा प्रोग्राम विसरला, तर प्रशासकाचा अधिकार लागणारी कामे चौकट न दाखवताच अडतात आणि नवखा माणूस कारण शोधत बसतो.

मराठी टायपिंगमध्ये हा फरक चटकन जाणवतो. ग्नोममध्ये सेटिंग्जमधून मराठी कीबोर्ड जोडला की पुरते, कारण वेगवेगळ्या भाषांत टाइप करू देणारा आयबस हा प्रोग्राम पडद्याआड आधीच चालू असतो. आयथ्रीत आयबस आपण सुरू करायचा आणि अॅप्लिकेशनना तो सापडावा म्हणून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही (प्रोग्राम सुरू होताना वाचतात ती नावे आणि मूल्ये) लिहायचे. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण कीबोर्ड मांडणीवर लिहिणाऱ्याचे काम त्यामानाने हलके: सेटएक्सकेबीमॅप या कमांडने इंग्रजीसोबत भारतीय लेआउट घ्यायचा आणि अदलाबदलीची की ठरवायची.

२००८ मध्ये क्रिस्टियान ह्योग्सबेर्ग यांनी सुरू केलेल्या वेलँड या एक्सच्या पर्यायामध्ये डिस्प्ले सर्व्हर (विंडो पडद्यावर दाखवणारी यंत्रणा) आणि विंडो मॅनेजर मिळून कंपोझिटर हा एकच प्रोग्राम होतो. साहजिकच प्लाझ्मातला केविन काढून तिथे आयथ्री बसवण्यासारखा जुना खटाटोप वेलँडवर चालत नाही. आयथ्रीची सवय असलेल्यांसाठी स्वे हा कंपोझिटर आहे. त्याला आयथ्रीची कॉन्फिग फाइल बहुतांशी तशीच चालते. कीबोर्डची ओळ मात्र बदलावी लागते: तिथे सेटएक्सकेबीमॅप उपयोगाचे नाही, देवनागरीचा लेआउट स्वेच्या फाइलीतल्या इनपुट विभागात लिहायचा.