परिपत्रक दिसते, वाचता मात्र येत नाही

पावसाळ्यात कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर दिवसातून अनेकदा एक तक्ता येऊन पडतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी किती फूट आहे, कोणते बंधारे पाण्याखाली गेले आणि कोणते मार्ग बंद झाले, हे त्यात असते; इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आकडे तर इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात. हा तक्ता बऱ्याचदा फोटोच्या रूपात फिरतो. डोळस माणसाला त्यात काहीच वावगे वाटत नाही, पण शाहूपुरीत राहणाऱ्या एखाद्या दृष्टिहीन व्यक्तीने त्यावर बोट ठेवले, तर फोन ‘फोटो’ एवढेच सांगून थांबतो. चित्रातील मजकूर ओळखून वाचणारी ॲप्स आता मिळतात, हे खरे. तरीही ओळी आणि रकाने एकमेकांत मिसळले, की कोणता आकडा कोणत्या बंधाऱ्याचा हे समजत नाही, आणि पुराच्या दिवसांत नेमके तेच कळायला हवे असते.

संगणकावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला स्क्रीन रीडर म्हणतात. ऑस्ट्रेलियात २००६ साली मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने सुरू केलेला ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो आणि तो मराठीही वाचतो. असे सॉफ्टवेअर अक्षरांचा आकार पाहत नाही. फाइलमध्ये अक्षरांचे जे क्रमांक साठवलेले असतात, त्यांवरून ते उच्चार करते किंवा ब्रेल पट्टीवर ठिपके उमटवते. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘म’चा क्रमांक २३५०, मग फॉन्ट कोणताही असो.

मराठीची खरी अडचण इथेच आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी तयार झालेल्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवलेले असत. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द लिहिला, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरे साठवली जातात, त्यांच्यावर फक्त देवनागरी मुखवटा चढवलेला असतो. छापलेल्या कागदावर काहीच बिघडत नाही. स्क्रीन रीडर मात्र मुखवट्यामागचे अक्षर वाचतो, आणि ऐकणाऱ्याच्या वाट्याला एक निरर्थक इंग्रजी शब्द येतो. हे फॉन्ट अजूनही टिकून आहेत, याचे एक कारण छपाईच्या व्यवसायात सापडते. अनेक डीटीपी चालकांचा हात पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरवर बसलेला आहे. त्याची २००१ साली आलेली सातवी आवृत्ती शेवटचीच ठरली आणि तिला युनिकोड देवनागरी पेलत नाही. वर्षानुवर्षे जमवलेले मजकूर, लग्नपत्रिकांपासून वार्षिक अहवालांपर्यंतचे नमुने, सारे जुन्या फॉन्टमध्येच असताना नवीन पद्धतीकडे वळणे त्यांना परवडत नाही. त्यामुळे दोष केवळ दुकानदाराला देणे मला अन्यायाचे वाटते; काम देणारी संस्था युनिकोड फाइल मागतच नाही.

युनिकोडमध्ये टंकलेखन केले, तरी पीडीएफ करताना पुन्हा घोटाळा होऊ शकतो. पीडीएफमध्ये मुख्यतः कोणता आकार पानावर कोठे काढायचा याच्या सूचना असतात, आणि त्या आकारांवरून मूळ अक्षरांकडे परतण्यासाठी एक वेगळी सारणी जोडलेली असते. रोमन लिपीत एका अक्षराला बहुधा एकच आकार असल्याने ही सारणी सोपी असते. देवनागरीत ‘क्ष’चा एक आकार तीन क्रमांकांपासून बनतो; पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण काढली जाते त्याच्या आधी; ‘सर्व’ शब्दातील रफार उच्चारात ‘व’च्या आधी असतो, पण बसतो त्याच्या डोक्यावर. सारणी सदोष असली, की ‘शिवाजी’ या शब्दातील पहिली वेलांटी ‘श’च्या आधी निसटते आणि यंत्र अडखळते. वर्डमधून पीडीएफ करताना ‘प्रिंट’चा मार्ग न धरता ‘सेव्ह ॲज’ वापरावे आणि सुगम्यतेसाठीच्या, म्हणजे दिव्यांगांनाही फाइल वापरता यावी यासाठीच्या, टॅगचा पर्याय चालू ठेवावा, कारण प्रिंटच्या मार्गाने शीर्षके, परिच्छेद आणि तक्ते यांची ओळख पुसली जाते.

ही ओळख सोयीपुरती नसते. चाळीस पानांचा अहवाल आपण नजरेने चाळतो. एनव्हीडीए वापरणारा वाचक ‘एच’ ही कळ दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर जातो. शीर्षक नुसते ठळक आणि मोठे केलेले असले, शैलीच्या यादीतून ‘हेडिंग’ निवडलेले नसले, तर त्याला पहिल्या ओळीपासून सारे ऐकत बसावे लागते. तक्त्यात शीर्षओळ तशी नोंदवलेली असेल, तर प्रत्येक आकड्यासोबत रकान्याचे नाव ऐकू येते. चित्राला दोन ओळींचे पर्यायी वर्णन हवे. मंददृष्टीच्या वाचकांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील तफावत किमान ४.५ : १ असावी, असे वेबसुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात, पिवळ्यावर पांढरी अक्षरे त्यात कधीच बसत नाहीत. ज्यांना माउस धरता येत नाही, त्यांना अर्ज केवळ कळफलकावरून भरता आला पाहिजे.

जुन्या पुस्तकांचा प्रश्न वेगळा आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचे. अशा ग्रंथालयांतील जुनी पाने स्कॅन केली, तरी हाती येतात ती चित्रेच. अक्षरओळख सॉफ्टवेअर त्यांतून मजकूर काढते, पण ‘घ’ आणि ‘ध’ यांत गल्लत करते, अनुस्वार गाळते, म्हणून माणसाचे मुद्रितशोधन टळत नाही. कायद्याचा अडसर मात्र उरलेला नाही, कारण २०१२ च्या दुरुस्तीनुसार कॉपीराइट असलेल्या पुस्तकाचीही दिव्यांगांसाठी सुगम्य प्रत करता येते.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा माहिती व तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचे निकष ठरवण्यास सांगतो. त्याखालील पंधरावा नियम शिफारशीच्या स्वरूपाचा असल्याने मूळ कायद्याशी विसंगत आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात म्हटले आणि बंधनकारक निकष आखण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला.

आपली फाइल कशी आहे, हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. पीडीएफमधील एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये चिकटवावा. तेथे इंग्रजी अक्षरांचा चुराडा दिसला, तर फॉन्ट जुना आहे. वेलांट्या सरकलेल्या दिसल्या, तर पीडीएफ चुकीच्या पद्धतीने बनली आहे. काहीच उचलता आले नाही, तर ते बहुधा पानाचे चित्र आहे, आणि तसे असल्यास मूळ वर्ड फाइल शोधून तीच पाठवलेली बरी.